शुक्रवारचं पॅकेज

पनवेलच्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत शुक्रवार म्हणजे किशोरीचा दिवस. कारखान्यांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर तिथे बनायचं आणि दर शुक्रवारी कारखान्यांना पाठवायचं त्याचं नवं पॅकेज किशोरी हाताने बांधायची. एकेक कमांड देत, एकेक फाईल तपासत, अख्खी दुपार. पाचच्या सुमाराला मालक दीनानाथसरसुद्धा तिच्या खुर्चीमागे येऊन अदबीने विचारायचे, "झालं का हो?" सहा वर्षं बाईंचा हा थाट चालला होता.

मग विनिता आली. दोन महिने होतात न होतात तोच तिने त्या सगळ्या कमांड आपोआप देणारी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. एकदा चालवली की चार मिनिटांत पॅकेज तयार! सरांनी खुशीत सगळ्यांना सामोसे मागवले. किशोरीने सामोसा खाल्ला, पण तिचा नुसता जळफळाट होत होता. काल आलेली पोर आणि केवढं ते कौतुक!

तळोज्याच्या एका कारखान्यातलं हजेरीचं मशीन जुनं होतं. त्यांच्या पॅकेजमधून सेटिंगची एक फाईल काढून टाकावी लागे, नाहीतर मशीन बंद पडे. हे फक्त किशोरीला ठाऊक होतं. तिने मुद्दामच तोंड उघडलं नाही. पडू दे एकदा तोंडघशी, असं ती मनात म्हणाली.

शनिवारी सकाळी तिथल्या गेटवरून वॉचमन काळूरामचा फोन आला. "मॅडम, मशीन बंद हाय. दोनशे मानसं उनात उभी हायत, कोनाचीच हजेरी लागत नाय."

दोनशे माणसं ऐकून किशोरीला लाज वाटली, पण क्षणभरच. विनिता पांढरीफटक पडली होती आणि ते बघायला फार बरं वाटत होतं. किशोरीने भराभर नवं पॅकेज बांधून पाठवलं. मशीन सुरू झालं.

"किशोरीताई नसत्या तर आज आपलं काही खरं नव्हतं," सर सगळ्यांसमोर म्हणाले.

थोड्या वेळाने विनिता चहा आणि लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. "ताई, कसं ओळखलंत हो? मला शिकवा ना."

किशोरी अशी काही फुलली की विचारू नका! तळोज्याची फाईल तर सांगितलीच, शिवाय आपटा गावातल्या कारखान्याच्या मशीनची खोड, कुठला सर्व्हर आधी थांबवायचा, कुठला नंतर, सहा वर्षांत ठेचा खाऊन शिकलेलं सगळं तिने हातवारे करत, रंगवून रंगवून सांगितलं. विनिता मान डोलवत टाइप करत होती.

बोलणं संपल्यावर किशोरीने सहज स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रिप्टमध्ये अकरा ओळी वाढल्या होत्या.

"थँक यू हं, ताई," विनिता मनापासून म्हणाली. "आता तुम्हाला शुक्रवारी कुणीसुद्धा त्रास देणार नाही."