इसादोराच्या मालिकेचा शेवट

"काचेवर आसवाचा थेंब पडू देऊ नकोस हं, वहिनी. जीव अडकतो त्याचा," म्हणत अर्सेनियाने पासिताच्या हनुवटीखाली रुमाल धरला. भावाच्या शवपेटीशी ती सकाळपासून अशी पहाऱ्याला उभी होती. रुमाल मात्र कोरडा ठणठणीत.

पासिता पेटीच्या काचेतून नवऱ्याकडे बघत होती. एउसेबियोचा भांग कोणीतरी भलत्याच बाजूला पाडला होता. तेवढंच तिला दिसत होतं. जिभेवर बर्फ धरल्यावर चव जाते, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

"मालिका बघून रोज डोळे सुजायचे हिचे. आणि आता बघा!" दारातली शेजारीण कुजबुजली, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

डोळे सुजायचे ते झोपेने. दिवसभर लोकांचे कपडे धुऊन आल्यावर इसादोरा आणि लिओनेलची मालिका लागली, की पहिल्या जाहिरातीलाच पासिताची मान कलायची. एउसेबियो नावोतासच्या मासळीबंदरात रात्रपाळीचा हमाल. सकाळी दारात चपला काढायच्या आधीच विचारायचा, "मग? काय झालं?" झोपले म्हणून कसं सांगायचं? पासिता ठोकून द्यायची. तिने लिओनेलला जहाजावर चढवलं, वादळात बुडवलं, मगरीच्या पाठीवर बसवून किनाऱ्याला आणलं. पण इसादोराच्या दारापर्यंत काही पोचू दिलं नाही. पोचला, तर उद्या सकाळी सांगायचं काय?

दिवेलागणीला बंदरातले हमाल आले. कॉफी प्याले, अंगणात पत्ते मांडून बसले. शेजारच्या घरातून मालिकेचं संगीत सुरू झालं, तसा दोमेंग नावाचा थोराड हमाल टोपी चुरगळत पेटीशी आला.

"पासिताबाई, आज शेवटचा भाग ना? बर्फ फोडता फोडता एउसेबियो रोज सांगायचा आम्हाला. मगरीचा भाग तर आम्ही पुन्हा सांगायला लावला होता."

"मगर?" शेजारीण फिस्कारली. "कुठली मगर? लिओनेल वकील आहे वकील!"

पासिताचे हात पेटीच्या कडेवर घट्ट झाले.

"ठाऊक आहे, बाई," दोमेंग शांतपणे म्हणाला. "त्यालाही ठाऊक होतं. आम्हीच सांगितलं होतं केव्हाचं. तर म्हणाला, वकिलाची गोष्ट ज्याला बघायचीय त्याने खुशाल बघावी. मला पासिताचीच हवी." मग तिच्याकडे वळून हलकेच म्हणाला, "शेवट ऐकला की सांगतो म्हणाला होता."

पत्ते थांबले. पासिता काचेवर वाकली.

"पोचला तो," ती म्हणाली. "दार उघडंच होतं."

"मग?"

"भूक लागली होती त्याला. तिने भात वाढला. सुकी मासळी होती."

"मग?"

"मग काय. चपला काढल्या न् जेवला."

हमालांनी माना डोलावल्या. चांगला शेवट होता. शेजारच्या घरात कोणीतरी हुंदके देत होतं, तिथेही काहीतरी संपलं होतं.

हमाल निघाले. मयताच्या घरून कोणाला पोचवायला जायचं नसतं. पासिता जागची हलली नाही. तिने काचेवर बोट टेकवलं आणि वरूनच एउसेबियोचा भांग हळूहळू पलीकडच्या बाजूला पाडला. काचेवर पुसटशी रेघ उमटली.

अर्सेनियाने पुसायला रुमाल पुढे केला.

"राहू दे," पासिता म्हणाली.