दोन कपॅसिटर आणि एक काकण

आमच्या ह्यांना कुणी काय बी म्हणावं, पण "बापूसो, तुमचे कान गेले" एवढं म्हणू नये. आन म्हटलं कुणी? माझ्याच सख्ख्या भावानं, जिनेशनं. पेठ वडगावात कापडाचं दुकान चालवतो, पण जीभ अशी की त्याची कात्री बी लाजंल.

आमचे हे राजारामपुरीत आठव्या गल्लीत चाळीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर बनवत्यात. खाली दुकान, वर घर. त्याच्या आधी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. तिथं ओतलेल्या कास्टिंगवर हातोडीनं टिचकी मारून ऐकायचं. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर आत तडा. सगळी फौंड्री ह्यांच्या कानावर चालायची, असं हे सांगत्यात. मी किती वेळा ऐकलंय ते विचारू नका.

तर जिनेशला ह्यांनीच बनवून दिलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला एक कपॅसिटर गेला, आन ह्या शहाण्यानं वडगावातल्याच कुणाकडनं नवा साधा घालून घेतला. ह्यांनी ऐकलं आन म्हणाले, "आवाजातला जीव गेला. ह्याला माझा तेलातला जुना कपॅसिटर पायजे." ते जुने कपॅसिटर बिस्किटाच्या डब्यात असे जपून ठेवल्यात, की मी माझे दागिने बी तसे ठेवत न्हाय. जिनेश हसला. "दाजी, काय फरक न्हाय. कान गेले तुमचे."

हे म्हणाले, "लाव परीक्षा. मला फरक ओळखता आला न्हाय तर कान गेले. आन कान गेले तर मी दुकान वाढवतो."

माझ्या हातातलं ताट पडायचं राहिलं. आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवत्यात, म्हणून हे रोज सहाच्या आधी शटर ओढत्यात आन खालनं हाक मारत्यात, "वाढवलं गं!" दुकान बंद केलं म्हणायचं नसतं की. पण हे रोजचं वाढवणं नव्हतं, कायमचं होतं. हा माणूस दुकानाशिवाय घरात बसला तर चार दिवसांत एक तर त्यांना वेड लागंल, न्हाईतर मला.

परीक्षेची आखणी आमच्या आदितीनं केली. लेक कॉलेजात फिजिक्स शिकवती, तिला असलं काय मिळालं की सणच. एक अ‍ॅम्प्लिफायर आन त्याला एक खटका. खटका लाल खुणेवर नेला की एक कपॅसिटर चालू, हिरव्या खुणेवर नेला की दुसरा. कुठल्या खुणेला कुठला, ते फक्त तिला ठाऊक. दोन्हीकडचा आवाज मीटरवर मोजून सारखा केला, कारण जरा मोठा वाजला की माणसाला तोच चांगला वाटतो म्हणं. मधे चादर बांधली. चादरीमागं मी. मी नाणं उडवायचं. छापा पडला तर खटका फिरवायचा, काटा पडला तर तसाच ठेवायचा, आन वहीत लिहायचं. अलीकडं हे डोळे मिटून सांगणार, "बदलला" न्हाईतर "तोच", ते बी मी लिहायचं. आदिती स्वतः स्वैपाकघरात थांबणार, म्हंजे तिच्या चेहऱ्यावरनं बी काय कळायला नको. असं सोळा वेळा. बारा बरोबर आले तर पास.

"आन मी काय करायचं?" जिनेशनं विचारलं.

"मामा, तुम्ही गप्प बसायचं."

सगळ्यात अवघड काम त्यालाच मिळालं.

गाणं म्हणून आमच्या महिला मंडळाचं स्तवन लावायचं ठरलं. ते ह्यांना तोंडपाठ हाय. तिसऱ्या ओळीला गाणारी निशिगंधा कुठं श्वास घेती, ते सुद्धा.

रविवारी दुपारी आधी रंगीत तालीम झाली, दहा वेळा. आन काय सांगू! दहाच्या दहा बरोबर! जिनेशचं तोंड एवढंसं झालं. मी चादरीमागनंच ओरडले, "बघ! म्हणं कान गेले!" हे तर असे ताठ बसले, जणू आत्ताच फेटा बांधलाय.

आदिती मात्र हसली न्हाय. येऊन तिनं अ‍ॅम्प्लिफायरमधल्या दोनचार वायरी हलवल्या आन म्हणाली, "अजून पाच वेळा." पाचही बरोबर आले.

"पप्पा," ती म्हणाली, "ह्या वेळी मी दोन्ही खुणांना एकच कपॅसिटर जोडलावता."

ह्यांनी डोळे उघडले. "मग मी ओळखलं कसं?" खरंच विचारलं त्यांनी. लबाडी करणारा माणूस न्हवं तो.

जिनेशनं टाळी मारली. "आक्काची काकणं! खटका फिरवला की वाजत्यात, न्हाय फिरवला की गप्प. आक्का, काढ ती काकणं."

मग माझं डोकं फिरलं. चादर बाजूला सारून बाहेर आले. "काय म्हणालास? नवरा समोर धडधाकट बसलाय आन काकणं काढू? जिभेला काय हाड? अरं, काकण फुटलं तरी आपण फुटलं म्हणत न्हाय, वाढवलं म्हणतो, आन तू खुशाल काढ म्हणतोस?"

"चुकलो, चुकलो!" जिनेश खुर्चीसकट मागं सरकला.

"आई, काढू नकोस," आदिती म्हणाली. "दर वेळी खटका आधी मधे आण, मग पायजे तिकडं ने. म्हंजे बदलला काय न बदलला काय, काकणं सारखीच वाजतील."

मग खरी परीक्षा सुरू झाली. वायरी पुन्हा पहिल्यासारख्या जोडल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पाप आलं. बदलला की काकणं जरा जोरात वाजवावीत. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यासाठी एवढं तरी करावं. पण त्यांना कळलं असतं तर जिवंतपणी मेले असते. मी हात सारखाच हलवत राहिले. नवव्या वेळेला नाणं टेबलाखाली घरंगळलं, ते काढताना हात टेबलाच्या कडेला आपटला, एवढंच काय ते.

सोळा झाल्यावर आदितीनं वही बघितली.

"आठ," ती हळूच म्हणाली. म्हंजे ह्यांनी बी नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी तेवढीच आली असती.

जिनेश हसला बी न्हाय. "दाजी, मी आपलं चेष्टेत बोललोवतो. सोडा की."

"शब्द तो शब्द," हे म्हणाले. "उद्यापासनं दुकान वाढवलं." आवाज शांत होता, त्याचाच मला जास्त राग आला. ओरडा की जरा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसायला मी हात वर केला तर ह्यांनी मनगट धरलं.

"हे एक काकण बघ. नवव्या वेळेपासनं बद्द वाजतंय. वाढवलंय."

मी सगळी काकणं निरखली. धड होती की! खिडकीपाशी जाऊन उजेडात एकेक धरलं, तेव्हा एकात केसाएवढा तडा दिसला. जिनेशनं नखानं वाजवून बघितलं, त्याला काय बी वेगळं ऐकू आलं न्हाय. आदितीला बी न्हाय.

"पप्पा!" आदिती जवळजवळ किंचाळलीच. "स्तवन चालू असताना चादरीमागच्या काकणातला तडा ऐकलात तुम्ही! कान कुठं गेलेत? त्या दोन कपॅसिटरांत फरकच न्हाय ऐकण्याजोगा. जे न्हायच, ते कोण ओळखणार?"

हे बिस्किटाच्या डब्याकडं बघत बसले. "म्हंजे तो डबा मी उगाच जपला?"

"डबा उगाच जपलात," मी म्हटलं. "पण अ‍ॅम्प्लिफायर डब्यानं बनवले न्हाईत, तुम्ही बनवलेत."

"पण शब्द दिलाय मी. दुकान वाढवणार म्हणून."

"मग पाळा की! मी कुठं न्हाय म्हणती? शेजारचा गाळा दिवाळीपासनं रिकामा हाय. मधली भिंत काढा आन वाढवा दुकान."

हे असे हसायला लागले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जिनेश म्हणाला, "आक्का, तुझ्या जिभेला बी हाड न्हाय."

सोमवारी गवंडी येऊन भिंत बघून गेला. सहाला दहा कमी असताना शटर ओढल्याचा आवाज आला आन रोजची हाक आली, "वाढवलं गं!"

मी वरनं ओरडले, "किती फूट?"