एक हिसका

विहिरीच्या तळाला उभं राहून निवांत तंबाखू मळणारा माणूस म्हणजे सूर्यभान. पाथर्डीच्या अंगाला कुठंही विहीर खोदायची निघाली की आधी त्याचं नाव निघायचं. दगड फुटेना, कडेची माती ढासळायला लागली, बाकीचे गडी वर पळाले, की हा खाली उतरणार. अशा माणसाला नगरच्या डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय काढायला सांगितल्यावर त्यानं पारावर बसून काय फुशारकी मारावी! "साठ-साठ फूट खाली जातो मी. त्या नळीत तर झोप काढून यीन!"

अन् गेला. टेबल आत सरकलं, ते पांढरं छत नाकाजवळ आलं मात्र, गड्याचं तोंडचं पाणी पळालं. हवा संपली, छातीवर कुणीतरी बसलंय, आता काही आपण वाचत नाही! घाबरला तर दाबा म्हणून हातात दिलेला रबरी फुगा त्यानं असा आवळला, की सोडायचंही भान राहिलं नाही. बाहेर काढल्यावर कुणाचं ऐकून घेईल तर शपथ. दवाखान्याचा पाठीवर बांधायचा झगा अंगावर तसाच, अन् स्वारी पाय ओढत थेट रिक्षा स्टँडवर. मागून त्याचा सदरा-पायजमा काखेत मारून बायको मुक्ताबाई धावतेय, रिक्षावाले टकामका बघतायत. काय ती शोभा! गावात येऊन मात्र ऐटीत सांगितलं, "मशीनच बंद पडलं हुतं."

मुक्ताबाईनं चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडलं नाही. पण त्याचा डावा पाय दिवसेंदिवस हातचा जात होता. पंजा उचलेना. चालता चालता चप्पल मागं राहायची, अन् त्याला पत्ताही नसायचा. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, "नस दबली आहे. आतलं चित्र बघितल्याशिवाय मी चाकू लावणार नाही. आणि उशीर केलात तर पाय पूर्वीसारखा होईल याची खात्री देणार नाही." भूल देऊन फोटो काढता आला असता, पण भुलीचे डॉक्टर गावाला गेलेले, अन् थांबायला सवड कुठली?

म्हणून पुन्हा दोघं नगरच्या एसटीत बसले. करंजीचा घाट उतरल्यावर मुक्ताबाईनं विचारलंच, "अवो, विहिरीत कवा भ्याला न्हाई तुमी. मग तितंच काय हुतं?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "विहिरीत वर बघितलं की आभाळ दिसतं. अन् कडंला तू असतीस."

ती असायचीच. लग्न झाल्यापासून यारीवर, म्हणजे खालचा दगड-माती वर ओढणाऱ्या क्रेनवर, मुक्ताबाईच. खाली दगड फोडायचं मशीन धडधडायला लागलं की हाक काही ऐकू जात नाही. म्हणून दोघांत एक सुती दोर सोडलेला असे. त्यानं एक हिसका दिला की 'बरं हाय'. लागोपाठ दोन दिले की 'वर घे'. अन् एक हिसका आला की तिनंही वरून एक द्यायचा, 'मी हाय' म्हणून. इतक्या वर्षांत तिचं उत्तर कधी चुकलं नव्हतं.

दवाखान्यात मशीन चालवणारी सृष्टी नावाची पोरगी होती. मागच्या वेळची पळापळ तिनं डोळ्यांनी बघितलेली, पण हसली नाही हो! कानात कापूस घातला, डोळ्यांवर रुमाल ठेवला, फुगा हातात दिला. "काका, या वेळी डोळे उघडायचेच नाहीत. फार वाटलं तर फुगा दाबा, मी लगेच बाहेर काढते."

सूर्यभान जीव मुठीत धरून आत गेला. मशीन ठकठकायला लागलं, मग घरघरायला लागलं, अन् त्याला एकदम ओळखीचं वाटलं. अरे, हा तर आपल्या दगड फोडायच्या मशीनचाच आवाज! त्यानं मनातल्या मनात विहीर उभी केली. खाली काळा दगड, वर आभाळ. श्वास ठिकाणावर आला. जमतंय की! त्याला भारी आनंद झाला, अन् त्या आनंदात हातानं आपलं रोजचं काम केलं. 'बरं हाय' म्हणून वर कळवलं. एकदाच. फुगा दाबून.

मशीन बंद. टेबल बाहेर.

"काय झालं काका? घाबरलात?" सृष्टी धावत आली.

"न्हाई वो! बरं हाय म्हणून सांगितलं!"

सृष्टीनं कपाळाला हात लावला. मधेच थांबल्यामुळं अन् काका हलल्यामुळं सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं. हे ऐकलं अन् सूर्यभान खचला. एकदा गोळा केलेलं धाडस दुसऱ्यांदा कुठून आणायचं? अंगाला दरदरून घाम फुटला. "आता न्हाई जमायचं. पाय गेला तर जाऊ द्या," म्हणत तो टेबलावरून उतरायला लागला.

सृष्टीनं मुक्ताबाईला आत बोलावलं. काय घडलं ते ऐकताच ती आधी फस्सकन हसली, अन् दुसऱ्याच क्षणी तिचे डोळे भरले. "अगं बाई! त्यांनी दोर हलवला, अन् वरून कुणी उत्तरच दिलं न्हाई!" तिनं सृष्टीला सगळी रीत समजावून सांगितली. "पोरी, मला आत थांबू दे. दोर तेवढा धरते."

सृष्टी म्हणाली, "थांबता येईल, काकू. पण तुमच्या अंगात सळई, मशीन असलं काही बसवलेलं नाही ना? आणि अंगावरची धातूची प्रत्येक वस्तू काढावी लागेल. मंगळसूत्र, जोडवी, सगळं."

मुक्ताबाईचा हात गळ्याशी गेला अन् तिथंच थांबला. नवरा तळाला असताना अंगावरचं काढायचं नाही, हा तिचा नेम. एकदा जोडवं रुतून बोट टम्म सुजलं, तरी तो वर येईपर्यंत तिनं जोडव्याला हात लावला नव्हता. सूर्यभानला हे ठाऊक होतं. "नको मुक्ते," तो म्हणाला, "चल घरी."

"गप बसा!" ती कडाडली. "दोर धरायला हात लागत्यात, जोडवी न्हाई."

मंगळसूत्र निघालं. जोडवी निघेनात, तेव्हा बेसिनपाशी पाय वर घेऊन, साबण चोळून, दात-ओठ खात तिनं ती ओढून काढली. सृष्टीनं बँडेजची एक लांब पट्टी आणली. एक टोक सूर्यभानच्या बोटाला, दुसरं मुक्ताबाईच्या मुठीत. "बरं आहे म्हणायचं ते या पट्टीनं, काका. फुगा फक्त बाहेर यायचं असेल तर. आणि बोटच हलवा, पाठ नको."

टेबल सरकलं. ठकठक सुरू झाली. त्यानं बोट ओढलं, एकदा. लगेच पट्टी ताणली गेली, एकदा. बरं वाटलं. पण हे मशीन काही लवकर आटपेना. नाकाला खाज सुटली, घाम कानात उतरला, अन् मागच्या वेळची ती भीती हळूहळू छातीवर चढून बसली. छत खाली येतंय! हवा संपली! फुगा दाबायचंही त्याला सुचलं नाही. बोटानं जुनीच खूण सुरू केली, 'वर घे' म्हणायची. पहिला हिसका दिला. दुसरा देणार, तेवढ्यात पट्टी ताणली गेली.

एकदा. ठाम. 'मी हाय.'

सूर्यभानचं बोट थबकलं. रुमालाखाली डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं येऊ दिलं. दुसरा हिसका त्यानं दिलाच नाही. मशीन कितीही ओरडलं, तरी तो दगडावर उताणा पडल्यासारखा पडून राहिला, अन् शेवटी शेवटी तर त्याला खरंच आभाळ दिसायला लागलं.

"झालं काका! फोटो एकदम स्वच्छ आलेत!" सृष्टी टाळ्याच पिटायला लागली.

बाहेरच्या बाकड्यावर मुक्ताबाई मंगळसूत्र गळ्यात घालून बसली होती. सूर्यभाननं तिच्या हातातली जोडवी घेतली. "पाय वर घे. मला वाकता येत न्हाई."

"अवो, लोक बघत्यात!"

"बघू दे." तिचा पाय बाकड्यावर घेऊन त्यानं एकेक जोडवं तिच्या बोटात चढवलं.

तेवढ्यात मोबाईल वाजला. ज्यांची विहीर अर्धी राहिली होती, ते आप्पासाहेब पारावरून विचारत होते, "काय सूर्यभान, आज तरी मशीन चालू हाय का?"

पारावरचे सगळे कान लावून बसले असणार, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत सांगितलं, "आप्पा, मशीन त्या दिवशीबी चालूच हुतं. मी भिऊन पळालो हुतो. आज पार तळाला जाऊन आलो."

"आन् आज रं कसा न्हाई भ्यालास?"

"भ्यालो की! लई भ्यालो." त्यानं मुक्ताबाईकडं बघितलं. "पण वर मुक्ता हुती."