सल्ल्याचा रकाना

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं दुसरं सत्र संपत आलं की एक अर्ज भरून द्यावा लागतो. त्यावर पाच चौकोन असतात: साथरोगशास्त्र, आरोग्य सांख्यिकी, पर्यावरण आरोग्य, आरोग्य शिक्षण आणि आरोग्य व्यवस्थापन. खूण एकाच चौकोनात करायची. पुढचं सगळं वर्ष त्याच विषयाचं आणि पुढची नोकरीही बहुधा त्यातलीच. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

सिस्टरने आपली खूण सोमवारीच पेन्सिलीने करून ठेवली होती. वर्गात तिला सगळे सिस्टरच म्हणत. बावीस जणांत ती वयाने सगळ्यात मोठी, अडतीस वर्षांची. चौदा वर्षं एका आरोग्य केंद्रात परिचारिकेचं काम करून ती अभ्यासाच्या रजेवर आली होती. खूण होती व्यवस्थापनासमोर. केंद्राच्या मोठ्या बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार, त्यांच्या खुर्चीला व्यवस्थापनाची पदवी लागते, आणि बाईंनी स्वतःच तिला या अभ्यासक्रमाला पाठवलं होतं. सासूबाई तर सून साहेब होणार हे शेजारच्या दोन जिन्यांवर सांगूनही आल्या होत्या.

बुधवारी सांख्यिकीचा तास होता. हा विषय शिकवणाऱ्या सरांना मुलं टक्केसर म्हणत, कारण त्यांना कुणी 'बरं आहे' म्हटलं तरी 'किती टक्के?' असं विचारण्याची त्यांना खोड होती. सत्रभर वर्गाने त्यांच्या हाताखाली एक पाहणी केली होती. एक्केचाळीस आरोग्य केंद्रांची चार वर्षांची माहिती घेतली होती. केंद्रांची नावं काढून त्यांना नुसते क्रमांक दिले होते. प्रश्न साधा होता. लहान मुलाला जुलाब झाले की साखर-मिठाचं पाणी कसं करून पाजायचं, हे परिचारिकेने आईला समजावून सांगितलं, तर मुलं सुकून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी होतं का?

वर्गातली दातांची डॉक्टर पुढे उभी राहून निष्कर्ष वाचत होती. पोरगी हुशार, बोलणं स्वच्छ.

"केंद्र क्रमांक सतरा बघा. चार वर्षं, दर महिना, सल्ला शंभर टक्के. आणि भरती झालेली मुलं? जिथे सल्ला चाळीस टक्के आहे, तिथल्याइतकीच. म्हणजे सल्ल्याने काही फरक पडत नाही. सल्ल्यासाठी रोज ठेवलेला तास बंद करून तो वेळ दुसऱ्या कामाला द्यावा, अशी आमची शिफारस आहे."

"अहवाल शुक्रवारी दुपारी आरोग्य विभागाकडे जाईल," टक्केसर म्हणाले. "कुणाला काही विचारायचंय?"

सिस्टर पडद्यावरचा तक्ता बघत होती. सतरा क्रमांकाच्या ओळीत तिसऱ्या वर्षी एका महिन्यात रुग्ण जवळजवळ नव्हतेच. त्या महिन्यात छताचं काम निघालं होतं आणि केंद्र अठरा दिवस बंद होतं. लसींचे डबे तिने स्वतः शेजारच्या केंद्रात नेऊन ठेवले होते. सतरा क्रमांक म्हणजे तिचंच केंद्र. पण तिने हात वर केला नाही.

शंभर टक्के कुठून आले, ते तिला पक्कं माहीत होतं. केंद्राच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णासमोर 'सल्ला दिला' असा एक रकाना असतो. दार उघडलं की गर्दी अंगावर येते, मग खूण करायला हात रिकामा कुठला? म्हणून सकाळी दार उघडण्याआधी नव्या पानावर तो रकाना वरपासून खालपर्यंत भरून ठेवायचा. याला सगळ्या जणी 'ओळ मारून ठेवणं' म्हणत. त्यात खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नसे. कापूस कापून ठेवावा, सुया मांडून ठेवाव्यात, तशीच ओळ मारून ठेवायची. सल्ला कधी दिला जाई, कधी नाही. नव्या मुलींना हे शिकवायचं काम सिस्टरचंच होतं.

घरी आल्यावर तिने मोठ्या बाईंना फोन लावला.

"अगं, तो रकाना वाचतं कोण?" बाई म्हणाल्या.

"आता वाचलाय, बाई. सल्ला फुकट जातो, असं ठरलंय. तास बंद करणार."

"फुकट? बावीस वर्षं घसा कोरडा करून सांगितलं, ते फुकट?"

"तुम्ही सांगितलेलं त्यात वेगळं दिसतच नाही. सांगितलेलं आणि न सांगितलेलं, दोन्ही सारखंच लिहिलंय."

पलीकडे बाईंनी दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "तू तिथे तोंड उघडलंस की आधी चौकशी आपल्यावर. मी काय, वर्षभराने घरीच. पण ओळ मारायला शिकवणारीला माझ्या खुर्चीत कोण बसवेल?"

"बोलू की नको, तेच विचारायला फोन केला."

"मग मला कशाला विचारतेस? मी नको म्हणावं म्हणून?" आणि बाईंनी फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी ती टक्केसरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काल का नाही बोललात?"

"काल मला मोठ्या बाईंची खुर्ची हवी होती."

"आणि आज?"

"आजही हवीच आहे, सर."

सर हसले नाहीत. सत्रभराचं काम पाण्यात जाताना कोण हसेल? "असं किती केंद्रांत चालतं?"

"मला आमच्यापुरतं माहीत. पण बदलून आलेल्या सिस्टरना ओळ मारायला कधी शिकवावं लागलं नाही. त्या येतानाच शिकून यायच्या."

सरांनी कपाळाला हात लावला. पळसाला पानं तीनच. "म्हणजे सगळीच माहिती टाकून द्यायची?"

"पानं बघायला मिळतील? खरी पानं, आकडे नव्हेत."

नोंदवह्यांच्या पानांच्या छायाप्रती तळघरात होत्या. सरांनी चार गठ्ठे वर मागवले. सिस्टरने पदर खोचला आणि धान्य निवडायला बसावं तशी ती बसली. एकदम मारलेल्या खुणा एका हाताच्या, एका उताराच्या आणि खाली येता येता लांबट झालेल्या असतात. रुग्णागणिक केलेल्या खुणा वेड्यावाकड्या. मध्येच रिकामी जागा, मध्येच शाई बदललेली. सर तिच्या खांद्यावरून बघत होते. दुपारपर्यंत त्यांनाही पानं ओळखू येऊ लागली, फक्त दहातली तीन चुकत.

"तीस टक्के," सिस्टर म्हणाली. या वेळी मात्र सर हसले.

संध्याकाळी त्यांनी अहवाल थांबवल्याचं पत्र लिहिलं. कारण द्यावंच लागलं, आणि कारणात सतरा क्रमांक आला.

रात्रीच्या जेवणाआधी सिस्टरने अर्ज काढला आणि पेन्सिलीची खूण खोडली. सासूबाई समोरच होत्या.

"आता काय?"

"सांख्यिकी."

"गणितात तू किती हुशार ते मला ठाऊक आहे. चार माणसांचा स्वयंपाक सहा माणसांना पुरतो तुझा."

"तिथे गणित येणारे पुष्कळ आहेत, आई. आकडा कुठून येतो ते माहीत असलेलं कुणी नाही."

"आणि साहेब?"

"साहेब दुसरी कुणीतरी होईल."

सासूबाई ताटं मांडू लागल्या. शेजारच्या दोन जिन्यांवर आता काय सांगायचं, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

शुक्रवारी खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "खाडाखोड आहे. एकदा घेतला की बदलून मिळत नाही, बाई."

"माहीत आहे," म्हणत तिने पेनाने खूण ठळक केली.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. पहिल्या परीक्षेत ती काठावर पास झाली, दुसऱ्या परीक्षेसाठी दातांच्या डॉक्टरकडून रोज तासभर शिकली. बाईंच्या खुर्चीसाठी दुसऱ्या केंद्रातल्या सिस्टरचं नाव लागलं.

थंडी सरता सरता एके सकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. त्या बुधवारनंतर पहिल्यांदाच.

"ओळ मारणं बंद केलंय मी," त्या म्हणाल्या. "सांगितलं की खूण, नाही तर नाही. गेल्या महिन्यात सल्ला एकतीस टक्के भरला."

"बरं केलंत, बाई."

"बरं काय? वरून पत्र आलंय. केंद्राचं काम एकदम शंभरावरून एकतिसावर का घसरलं, आठ दिवसांत खुलासा करा. काय लिहू, सांग. आता तू शिकलेली."

"एकतीस हा आकडा खरा आहे, असं लिहा."

"तेवढ्यावर भागेल?"

"नाही भागणार," सिस्टर म्हणाली. "कागद घ्या, बाई. सुरुवातीपासून लिहू."