पाहुण्यांसाठी सरळ उभी केलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. शाळेतली नव्हे, स्टेशनावरची तर नव्हेच. मी गोल्फच्या मैदानावरची घंटा आहे. हसू नका, मित्रांनो. गोल्फच्या मैदानावर घंटेचे काय काम, असे मलाही पहिल्या दिवशी वाटले होते.

मोडीत निघालेल्या एका बोटीच्या पितळेतून मला ओतले. ओतारी मोठा चिकट माणूस. माझा आवाज मनासारखा येईना म्हणून त्याने मला पुन्हा वितळवले आणि पुन्हा ओतले. मग समुद्राकाठच्या एका क्लबात मला लाकडी खांबावर टांगण्यात आले. क्लब म्हणजे फार मोठे प्रकरण समजू नका. पत्र्याच्या छपराची एक खोली, आत चहाची किटली आणि भिंतीला टेकवलेल्या काठ्या. बाहेर खाऱ्या वाऱ्यात तग धरून राहिलेले, नऊ झेंड्यांचे गवताळ मैदान. गावातल्या लोकांनी ते स्वतःच्या हातांनी तयार केले होते. शिंपी, न्हावी, शिक्षक, बोटींची इंजिने दुरुस्त करणारे, सगळे तिथे खेळत आणि पाळीपाळीने गवतही कापत.

सातव्या झेंड्याच्या अलीकडे वाळूची एक टेकडी होती. त्यामुळे चेंडू टोलवणाऱ्याला पलीकडची, झेंड्याभोवतीची हिरवळ दिसत नसे. तिथे कोणी उभा असला तर चेंडू थेट त्याच्या टाळक्यात बसायचा. म्हणून त्या हिरवळीच्या कडेला माझी नेमणूक झाली. पुढच्यांचा डाव आटोपला आणि ते हिरवळीवरून बाजूला झाले, की त्यांनी माझी दोरी ओढायची. टोल ऐकला की टेकडीच्या अलीकडच्यांनी खुशाल चेंडू मारायचा. मी वाजले म्हणजे वाट मोकळी आहे, यावर माणसे डोळे झाकून विश्वास ठेवत. मला त्याचा फार अभिमान होता.

झेंड्यांभोवतीच्या हिरवळींची देखभाल मात्र एकच माणूस करी. त्याला सगळे माळीबुवा म्हणत. सातवी हिरवळ त्याच्या वडिलांनी तयार केली होती. दुरून टोपल्यांनी माती आणून, ओंजळीने पसरून, त्यांनी वाळूवर गवत रुजवले होते. म्हणून माळीबुवा त्या हिरवळीवर कधी चपला घालून आला नाही. बाकीच्या आठ हिरवळी तो यंत्राने कापी. हिची कड मात्र गुडघे टेकून कात्रीने कापी. लग्न केले नाही, की कुठे गेला नाही. त्याची थोरली बहीण आक्का शाळेतून निवृत्त झाल्यावर क्लबाचा कारभार पाहू लागली. ती चिडली की म्हणे, "तुझा संसार हाच. उद्या हिलाच रेशनकार्डावर घाल."

समुद्र पूर्वी माझ्यापासून बराच दूर होता. मग तो जवळ येऊ लागला. प्रत्येक वादळात काठाचा एक लचका तुटे. आधी बसायचा बाक गेला, मग पायवाट गेली. एके दिवशी हिरवळीच्या कडेला बोटभर भेग पडली आणि माझ्या खांबाखालची वाळू सरकली. मी समुद्राच्या बाजूला कलले. दोरी ओढली की माझा आवाजही तिरपा निघे. ऐकणारे हळहळत. माळीबुवा मात्र मान खाली घालून गवत कापत राही.

आक्का गप्प बसणारी नव्हती. किनाऱ्याचे काम पाहणाऱ्या कचेरीत ती चकरा मारू लागली. काठाने दगडी बंधारा झाला तर मैदान वाचणार होते. नाही तर सातवी हिरवळ जाणार, तिच्यामागून बाकीचे मैदान जाणार आणि क्लबाला कुलूप लागणार, हे सर्वांना ठाऊक होते. पुष्कळ चकरांनंतर एक इंजिनिअर साहेब पाहणीला येतील असा निरोप आला. साहेबांना गोल्फही आवडतो, असे कळले. क्लबात आनंदीआनंद झाला.

आणि मित्रांनो, इथेच घात झाला. पाहुणे येणार म्हटल्यावर जे घराघरांत होते, तेच इथेही झाले. खोलीला चुना लागला. भिंतीवरचा ओलीचा डाग झाकायला आक्काने कॅलेंडर टांगले. माळीबुवाने तर कमाल केली. दुसऱ्या हिरवळीचे गवत मातीसकट चौकोनी कापून आणले आणि भेगेवर असे बेमालूम बसवले की कोणाच्या बापाला कळू नये. तुटलेल्या काठावरही त्याने गवताची किनार लावली. मग चौघांनी मिळून माझा खांब उचलला, खाली दगड ठोकले आणि मला ताठ उभे केले. मला राख लावून घासले. मी लखलखू लागले.

आक्काच्या मनात पाल चुकचुकली. ती म्हणाली, "अरे, थोडं तसंच राहू द्या की. त्यांना दिसायला नको का?"

त्यावर न्हावी म्हणाला, "आक्का, पेशंटची दाढी करूनच त्याला दवाखान्यात नेतात. माझा अर्धा धंदा त्यावरच चालतो."

सगळे हसले. आक्कालाही हसू आले, आणि विषय तिथेच संपला.

साहेब आले. माणूस खरोखर चांगला होता. सगळे मैदान खेळले, सगळ्यांशी बोलले. सातव्या हिरवळीवर पोहोचताच त्यांनी बूट काढले, कारण माळीबुवा अनवाणी उभा होता. तळव्यांखालचे गवत त्यांना इतके आवडले की ते क्षणभर तसेच उभे राहिले. त्यांच्या पायाखालीच ती भेग होती. मग त्यांनी माझी दोरी ओढली. माझा टोल स्वच्छ, सरळ निघाला. मला चिरकावेसे वाटत होते, पण घंटेला कुठे आपल्या मनासारखे वाजता येते?

"अहो, हे केवढं छान राखलंय तुम्ही," साहेब माळीबुवाला म्हणाले. "एवढ्या खाऱ्या वाऱ्यात अशी हिरवळ मी कुठं पाहिली नाही."

"समुद्र फार आत आलाय हो, साहेब," आक्का घाईने म्हणाली.

"येतोच तो. पण तुमचा काठ भक्कम दिसतोय. वरच्या किनाऱ्यावर तर लोकांची घरं लोंबकळतायत."

आक्काने पुन्हा तोंड उघडले. तेवढ्यात तिची नजर भावाकडे गेली. उभ्या जन्मात त्याचे असे कौतुक कोणी केले नव्हते. तो लहान मुलासारखा हसत होता. आक्का गप्प बसली.

बंधाऱ्याचे दगड वरच्या किनाऱ्याला गेले. तिथल्या लोकांना त्यांची गरज होतीच, त्यांना मी बोल लावणार नाही. पुढच्या वादळात चिकटवलेले गवत आधी उडाले. मग भेग उघडली आणि अर्धी हिरवळ झेंड्यासकट समुद्रात गेली. माळीबुवा भर पावसात उघड्या डोक्याने ते पाहत उभा होता. आक्काने दंडाला धरून ओढले, तेव्हा तो तिथून हलला.

काही महिन्यांनी साहेब पुन्हा आले. या वेळी कामाला नव्हे, सुट्टी काढून, बायकोला घेऊन, खांद्यावर काठ्यांची पिशवी लटकवून. त्यांना ती हिरवळ बायकोला दाखवायची होती. टेकडी ओलांडून ते पुढे आले आणि थबकले.

"हे कधी झालं?"

"भेग तेव्हाच होती, साहेब," माळीबुवा म्हणाला. "गवताखाली."

"मग मला दाखवली का नाही? मी त्यासाठीच आलो होतो ना?"

माळीबुवा पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागला. मग म्हणाला, "तुम्ही पाहुणे होतात."

साहेबांनी खांद्यावरची पिशवी वाळूत ठेवली. आता काही होईल का, असे आक्काने विचारले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. वाचवण्यासारखे काही उरले असते तर त्यांना बंधारा मागता आला असता. त्यांच्या बायकोने पिशवी उचलली आणि ती दोघे न खेळताच परत गेली.

आता क्लबाला कुलूप आहे. न्हावी या बाजूला फिरकत नाही. म्हणे, त्याला ती थट्टा आठवते. माझ्या पायाशी ठोकलेले दगड एकेक करून निसटत आहेत. माळीबुवा रोज येतो, उरलेल्या गवतापाशी बसतो आणि जातो. कात्री आणत नाही.

मित्रांनो, माझे ऐकून या मैदानाला काही मिळायचे नाही. ती वेळ गेली. पण तुमच्या घरातही एखादी भेग असेल, भिंतीत किंवा कोणाच्या जिवात. चारचौघांपुढे ती जरूर झाका. पण जो ती पाहायलाच एवढ्या लांबून आला आहे, त्याच्यासाठी घर आवरू नका. त्याचा हात धरा आणि आधी त्याला तिथेच न्या. आमच्याकडे तो आला होता, अगदी तिथे अनवाणी उभा राहिला होता, आणि आम्ही त्याला गवत दाखवले.