उष्टी नेवरी

गोव्यात करंजीला नेवरी म्हणतात, आणि डिचोलीत सुमंगलाच्या नेवऱ्यांना नावं ठेवील असा माणूस अजून जन्मायचा होता, आणि जन्मला असता तरी तिने त्याला धड मोठा होऊ दिला नसता. चवथीला अर्धा गाव तिच्याच नेवऱ्या गणपतीपुढे ठेवत असे. यंदा पहिल्यांदाच तिने त्यांच्यासाठी खोके छापायला काढले होते. वरचं चित्र सुनेने, क्षमाने, कॉम्प्युटरवर काढलं होतं. ते आज चारच्या आत म्हापशाच्या छापखान्यात पोचलं नाही, तर चवथीपूर्वी खोके मिळणार नव्हते.

तीन वाजता सुमंगला पिठाच्या हातांनीच चित्र बघायला आली आणि दारात थबकली.

"ही कोणी खाल्ली गो?"

"कोणी नाही, आई. कोपऱ्यातला एक चावा कापून काढलाय. बघताच तोंडाला पाणी सुटावं म्हणून."

"नैवेद्याच्या खोक्यावर उष्टी नेवरी? शाणी आहेस! गणपतीचा उंदीरसुद्धा विचारील, धन्याच्या आधी कोण जेवून गेलं म्हणून!"

क्षमाचा चेहरा पडला. दोन दिवस खपून काढलेलं चित्र ते. "पण चावा नसला तर कलिंगडाची फोड वाटते, आई. साईशसुद्धा तेच म्हणाले."

"माझ्या लेकाचं नको सांगू. त्याला ताटात काय वाढलंय ते ओळखता येत नाही. चावा काढलास कसा, ते दाखव."

क्षमाने पडद्यावरचं चित्र एक पाऊल मागे नेलं. चावा भरून आला आणि अर्धगोल नेवरीच्या कोपऱ्यावर तीन छोटे गोल दिसू लागले. "हे गोल वर ठेवायचे, सगळं एकत्र धरायचं आणि वजा करायचं बटण दाबायचं. गोल जातात आणि खालचा आकार त्यांच्या मापाने कापला जातो."

"म्हणजे लाटलेल्या पोळीवर वाटी दाबली तसं. एवढ्यासाठी कॉलेज?"

बोलली खरी, पण नजर पडद्यावरून हलेना. कलिंगडाची फोडच दिसत होती मेली! तोंडाने मात्र ती कबूल करणार नव्हती. ती तरातरा आत गेली आणि कातण घेऊन आली. त्याचं दातेरी चाक तिने क्षमाच्या नाकासमोर फिरवलं.

"नेवरी काठावरून ओळखायची, बाये. ह्या चाकाचे दाते काठाला उमटतात ना, तेवढंच काप. तोंड लावू नको."

क्षमाने सगळ्या वळणावर गोल ओळीने मांडले आणि बटण दाबलं.

"ही करवत झाली. फणसाचं झाड पाडायचंय काय?"

क्षमाला हसू आवरेना. तिने पुन्हा मागे जाऊन गोल बारीक केले, दाटीने बसवले, अर्धेच काठाच्या आत सरकवले आणि बटण दाबलं. काठाला सुरेख दाते उठले.

सुमंगलाने कातण पडद्याशी धरून दाते ताडून पाहिले.

"जरा खमंग रंग दे," ती शेवटी म्हणाली, "आणि धाड म्हापशाक."

चित्र गेलं तेव्हा चाराला दहा कमी होते. छापखान्यातून लगेच उत्तर आलं, खोके शुक्रवारी बाजाराला याल तेव्हा न्या.

"बरं झालं," एवढंच म्हणून सुमंगला उठली. पण मागच्या दारी जाताच शेजारच्या ताराला तिने हाक मारली ती चार घरांत ऐकू गेली, "अगो तारा, ये बघायला! आमच्या सुनेने न लाटता, न तळता नेवरी केलीय. तुझ्या सुनेला येते काय?"