वोइनिकचे दात

घोडा लंगडला की मला बोलावतात. घोडी अडली, पोट फुगलं, खूर चिरला, तरी बोलावतात. पण एकदा त्याच्या तोंडात बघू द्या म्हटलं, की आमच्या खोऱ्यातले पुरुष असे हसतात, जणू मी घोड्याला चष्मा लावायला सांगतेय.

इथे बुकोविनात डोंगरउतारावरून ओंडके अजून घोडेच खाली ओढून आणतात. यंत्र तिथवर चढत नाही. म्हणजे घोड्यावर घर चालतं, आणि तरी त्याच्या तोंडात लगाम घालण्यापलीकडे कुणी डोकावत नाही. मी इथली गुरांची डॉक्टर. घसा कोरडा होईस्तोवर तेच तेच सांगत असते. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात. चघळताना ते झिजतात, पण सगळीकडून सारखे झिजत नाहीत. वरचा जबडा रुंद आणि खालचा अरुंद, त्यामुळे दाढांच्या कडा तशाच राहतात आणि सुरीसारख्या धारदार होतात. मग प्रत्येक घासाला गाल कापला जातो, जीभ कापली जाते. वर्षातून एकदा माणसाने नीट बघून कानस फिरवली की काम भागतं. यात न समजण्यासारखं काय आहे?

आणि सगळ्यांत न समजणारा माझा सख्खा थोरला भाऊ, इलारियोन.

त्या वर्षी बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा मी त्याच्याकडे जेवायला गेले होते. वहिनीने, म्हणजे पारास्किवाने, मक्याच्या पिठाचा घट्ट मामालीगा आणि आंबट साय केली होती. जेवणाआधी मी सवयीने तबेल्यात डोकावले. दोन घोडे होते, वोइनिक आणि दोइना. दोइना ठीक होती. वोइनिकच्या बरगड्या दिसत होत्या, आणि त्याच्या गव्हाणीखाली अर्धवट चघळलेल्या गवताचे ओले गोळे पडले होते. त्याच्या शेणात ओटचे दाणे अख्खेच्या अख्खे होते, न चघळलेले.

जेवताना मी विषय काढला. दादाने ताटावरून मानही वर केली नाही. वोइनिक हल्ली कामात मान झटकतो, डावीकडे वळायला ऐकत नाही, लाडावलाय, असं त्याचं म्हणणं पडलं. जंताचं औषध त्याने देऊन झालं होतं. जत्रेतून लगामाचं नवं कडियाळंही आणलं होतं, पीळ दिलेल्या लोखंडाचं. ते तोंडात गेलं की भले भले घोडे सरळ होतात, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

"दादा, त्याचं तोंड दुखतंय," मी म्हणाले. "दुखऱ्या तोंडात तू आणखी धारदार लोखंड घालणार?"

"आजोबांनी आयुष्यभर घोडे ठेवले. एकाच्या तरी तोंडात कानस घातली का?"

"आजोबांचे घोडे म्हातारपणी भरल्या गव्हाणीपुढे उपाशी मेले. तूही पाहिलंयस."

"म्हातारे होते म्हणून मेले. सांदा, तू कुत्र्यामांजरांचे दात घास. माझा घोडा मी बघतो."

वहिनीने माझ्या ताटात आणखी साय वाढली. मी घरी जाताना इतकी चिडले होते की जीपचा दरवाजा दोनदा आपटला. मालक नको म्हणाला तर जनावराला हात लावता येत नाही, असा आमचा नियम. चांगला नियम आहे. त्या दिवशी मला तो चांगला वाटला नाही.

पुढच्याच आठवड्यात दादा रादाउत्सच्या बाजाराला गेला, आणि मागच्या ओढ्याकडच्या वाटेने वहिनी वोइनिकला घेऊन चालत माझ्या दारात आली. चिखलाने तिचे बूट भरले होते.

मी म्हटलं, "वहिनी, दादाने सांगितल्याशिवाय मी याला हात लावू शकत नाही."

"हा घोडा कुणाचा?" तिने विचारलं. "माझ्या बापाने लग्नात मला दिला. शिंगरू होता तेव्हा. माझ्या माहेरचा घोडा आहे. मालकाची परवानगी लागते ना तुला? ही घे, दिली."

मी त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, डोकं दोरीने तुळईला टांगून आधार दिला, तोंड उघडं ठेवणारी चौकट बसवली आणि पाण्याने तोंड धुतलं. वास असा आला की वहिनीने डोक्यावरच्या रुमालाचं टोक नाकाला लावलं. दिवा आत धरला तेव्हा जे दिसलं ते मी इतरांच्या घोड्यांत शेकडो वेळा पाहिलंय, तरी दर वेळी माझं डोकं फिरतं. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा टोकदार झालेल्या. दोन्ही गालांत आतून जखमा, काही जुन्या, पांढऱ्या पडलेल्या, काही ताज्या. सगळ्यांत पुढच्या दाढेला गळासारखा वाकडा आकडा आलेला. आणि त्याच्यापुढे, जिथे कडियाळं टेकतं नेमकं तिथेच, एक बारकासा निरुपयोगी दात, लोखंड आपटून आपटून तडकलेला. हिरडी सुजून लाल झालेली. डावीकडे लगाम ओढला की लोखंड त्या दातावर बसायचं. म्हणून तो डावीकडे वळत नव्हता.

मी वहिनीला बघायला बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"हे असं घेऊन हा सगळा हिवाळा ओढत होता?" ती म्हणाली.

मी तो तडकलेला दात काढला, कडा घासल्या, आकडा उतरवला. वहिनी पूर्णवेळ त्याचं डोकं धरून उभी होती. काम झाल्यावर तिने एकच गोष्ट मागितली. दादाला सांगू नकोस. ओंडक्यांचा वसंतातला हंगाम तोंडावर आहे, घरात तमाशा नको. मी हो म्हटलं. घोडा बरा झाला, बस्स झालं, असं मला वाटलं. काही दिवस लगाम नको, तोंडात लोखंड नसलेल्या नुसत्या मोरखीवर काम घे, असं मी तिला बजावलं. तिने ते कसं जमवलं कोण जाणे. बहुतेक लगामाचा पट्टा कुठेतरी दडवून ठेवला असावा.

वोइनिक भराभर सुधारला. ईस्टरपर्यंत त्याच्या बरगड्या झाकल्या गेल्या, अंगावर चकाकी आली. पट्टा सापडल्यावर दादाने नवं कडियाळं चढवलं, आणि वोइनिक निमूट डावीकडे वळायला लागला. आणि माझा भाऊ लाकडाच्या वखारीत, गुत्त्यात, रस्त्यात जो भेटेल त्याला सांगत सुटला की ही सगळी करामत पिळाच्या कडियाळ्याची.

मी ऐकून घेत होते. ज्याच्या तोंडातून मी दात काढला होता, त्याच घोड्याकडे बोट दाखवून लोक मलाच सांगायचे, "बघा डॉक्टरीणबाई, तुमची कानस नाही, काही नाही. नुसतं कडियाळं बदललं." हसू की रडू कळत नव्हतं. लोकांनी पुढच्या जत्रेतून तसलीच कडियाळी आणली. ज्यांचे घोडे मान झटकत होते, त्या सगळ्यांनी आणली.

मग तोआदेरचा फोन आला. तो दादाच्या शेजारचा, एकटा राहणारा, मनाने गरीब माणूस. त्याच्या पांढऱ्या घोड्याच्या तोंडातून रक्त थांबत नव्हतं. मी गेले. उतारावर घोडा दुखण्याने उसळला होता, तोआदेरने घाबरून सगळा जोर लावून लगाम खेचला होता, आणि पिळाच्या लोखंडाने जीभ अर्ध्यापर्यंत चिरली होती. मी टाके घातले. दाढा तपासल्या. जे वाटलं होतं तेच निघालं.

तोआदेर हात चोळत उभा होता. "इलारियोनचा घोडा यानेच बरा झाला होता," तो परत परत म्हणत होता. मी त्याच्यावर ओरडणार होते. पण त्याचा चेहरा बघून मी पिशवी आवरायला घेतली. ओरडायला हवं होतं ते दुसऱ्याच कुणावर, आणि थोडं स्वतःवरही.

तिथून थेट मी वहिनीकडे गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिला तोआदेरच्या घोड्याची जीभ कशी दिसत होती ते सांगितलं आणि म्हटलं की आता मी गप्प बसणार नाही.

"तू नको सांगूस," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर तो म्हणेल, बहीण जळते. मी सांगते. रविवारपर्यंत थांब."

रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडले आणि नेहमीप्रमाणे पुरुष फाटकापाशी घोळका करून उभे राहिले. तोआदेरच्या घोड्याची बातमी सगळीकडे गेली होती. दादा समजावत होता की तोआदेरला लगाम धरता येत नाही, हात हलका पाहिजे. तोआदेर मान खाली घालून ऐकत होता. तेवढ्यात वहिनी बायकांमधून निघून सरळ त्या घोळक्यात आली.

"त्याचा हात ठीक आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "वोइनिक कडियाळ्याने बरा झाला नाही. तू बाजाराला गेलास तेव्हा मी त्याला सांदाकडे नेलं. तिने त्याचा तडकलेला दात काढला, दाढा घासल्या. तो दात माझ्या कपाटात आहे. बघायचा असेल त्याने घरी यावं."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

तो वळला आणि पायीच घराकडे निघाला. घोडागाडी तिथेच राहिली. वहिनीने आणि मी ती घरी नेली.

त्यानंतर अख्खा उन्हाळा दादा माझ्याशी बोलला नाही. गवत कापायला मी मदतीला गेले तर तो शेताच्या दुसऱ्या टोकाला जायचा. वहिनीशी तो कामापुरतं बोलायचा. मला वाटलं होतं, आता तरी लोक येतील. तोआदेर आला, घोड्याची जीभ भरून आल्यावर, दाढा घासून घ्यायला. बाकीचे म्हणाले, ते नवरा-बायकोचं भांडण आहे, आपण मध्ये कशाला पडा. मी दातांचं बोलत होते आणि लोकांना भांडण ऐकू येत होतं. कितीदा वाटलं, खोरं सोडून शहरात जावं आणि खरोखरच मांजरांचे दात घासावेत.

पानगळीच्या दिवसांत एका सकाळी वहिनी दोन्ही घोडे घेऊन आली. वोइनिकचं वर्ष भरायला अवकाश होता, पण दोइना मान वाकडी करून खायला लागली होती. वहिनीच्या बरंच मागून दादा येत होता. तो कुंपणाबाहेरच थांबला आणि सिगारेट ओढत रस्त्याकडे बघत राहिला.

मी दोइनाला गुंगी दिली, चौकट बसवली, दिवा आत धरला. मग दिवा खाली ठेवला आणि कुंपणापाशी गेले.

"दादा, आत ये. तुला काही म्हणायला लावत नाही. नुसता हात घाल."

तो आला. मी त्याचं मनगट धरून त्याची बोटं दोइनाच्या गालाच्या आत, वरच्या दाढांवर नेली. त्याने बोट कडेवरून फिरवलं आणि झटक्यात हात बाहेर काढला. बोटाला बारीक चीर पडली होती. तो त्या रक्ताकडे बघत राहिला. माझ्या भावाचा हात कुऱ्हाडीने आणि साखळदंडांनी राठ झालेला आहे. त्याला सहजी काही कापत नाही.

"दुसरी बाजू?" त्याने विचारलं.

"तिकडे जास्त आहे."

त्याने बोट पँटला पुसलं आणि दोइनाचं डोकं धरलं. मी काम संपवेपर्यंत त्याने ते सोडलं नाही. कानशीचा आवाज आला की त्याचे डोळे मिटायचे.

हात धुताना मी त्याला म्हटलं की आता गुत्त्यात एकदा सांग सगळ्यांना. कडियाळ्याचं सांगितलंस तसंच हेही सांग. तुझं ऐकतात.

"तू सांग. डॉक्टर तू आहेस."

"मी सांगते तेव्हा हसतात."

"मग मलाही हसतील," तो म्हणाला आणि दोन्ही घोड्यांच्या दोऱ्या घेऊन फाटकाबाहेर पडला. वहिनीने माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि त्याच्या मागे गेली.

त्या हिवाळ्यात वोइनिक आणि दोइना दोघंही धडधाकट होते. दादा दर वर्षी त्यांना आणायचं म्हणतो, आणि आणतोही. पण कुणाला काही सांगत नाही. तोआदेर सोडला तर बाकीच्यांचे घोडे माझ्याकडे अजूनही येतात ते खाणं सोडल्यावरच. मी विचारते, केव्हापासून खात नाही? मालक टोपी हातात घेऊन म्हणतो, झाले असतील काही महिने. आणि मी चौकट उचलते.